द्रवसीमा

पितळेची वाटी, तळहाताएवढी.
तिच्यात उआल्पेनच्या टेकडीची माती, पाण्यात मळलेली,
मधोमध ओढलेली एक खाच.
हँडल फिरवलं की वाटी सेंटिमीटरभर उचलते, आदळते.
टक.
पंचविसाव्या ठोक्याला खाच बुजली
तर तेवढं पाणी म्हणजे त्या मातीची द्रवसीमा.
त्यापुढे माती ठरत नाही, वाहते.
एवढंच शिकवते मी, तेवीस वर्षं, बिओबिओ नदीच्या काठी.

पावणेआठला एलेओदोरो लॅब उघडतो,
ओव्हनमधले डबे काढता काढता विचारतो,
"प्रोफेसोरा, चहा?"
आणि उत्तर यायच्या आत किटली लावतो.
सेफ्टी शूज अजून बेचाळीस नंबरचेच येतात.
मी दोन मोजे चढवते, पुढे कापूस कोंबते
आणि उतारावर बकरीसारखी जाते.
खरेदी विभागाला चार अर्ज केले.
चारांचीही उत्तरं आली,
"श्रीयुत इंजिनिअर मार्दोनेस यांस."

गेल्या हिवाळ्यात टेकडीवर आम्ही भोक पाडत होतो,
एक बाई कुंपणाशी उभी राहून बघत होती.
म्हणाली, इंजिनिअर साहेब कधी येणार?
म्हटलं, साहेब गुडघाभर चिखलात आहेत, बोला.
ती हसली नाही. मला घरात नेऊन
भिंतीतली चीर दाखवली.
चिरेच्या टोकाशी दर महिन्याची रेघ,
बाजूला पेन्सिलीनं तारीख,
पोरांची उंची मोजून ठेवावी तशी.
माझ्या चाळीस लाख पेसोंच्या यंत्राहून नेटकी नोंद.
अहवालात मी तिचं नाव घातलं: सोइला रिफो.
समितीनं खोडलं.
मी पुन्हा घातलं.

समितीत नऊ जण. मी, आणि आठ टाय.
इतिवृत्त कोण लिहिणार, असं कोणी विचारत नाही.
वही आपोआप घसरत माझ्यापुढे येते,
टेबलाला उतार असावा तशी.
उतार मोजणं हा तर माझा धंदा.
मी तोंड उघडते. टक.
"इराईदाचं बरोबर आहे, पण..." टक.
माझंच वाक्य, दहा मिनिटांनी, दुसऱ्याच्या तोंडून,
आणि सगळ्यांच्या माना डोलतात. टक.
टेबलाखाली मी बोटं मोडत मोजते.
एकदा एकोणिसापर्यंत गेले होते.
वाहिले नाही तिथे.
पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले,
इंजिन बंद, काचा वाफेनं आंधळ्या होईपर्यंत.

डीन एकदा लॅबमध्ये आले.
मी काचेवर मातीच्या वळ्या करत होते,
तीन मिलिमीटर जाड, तडकेपर्यंत.
"हे बायकांच्याच हातचं काम," ते म्हणाले,
"माझी आई न्योक्की वळायची तसं."
मी एक गोळा त्यांच्या हातावर ठेवला.
त्यांची वळी पहिल्याच फेऱ्याला तुटली.
माती खाल्ली म्हणतात ती हीच,
पण मी बोलले नाही. अनुदानाच्या कागदावर सही बाकी होती.

मंगळवारी तासाला जमीन हलली.
पाच-सहा सेकंद. सगळ्यांनी दिव्याकडे पाहिलं,
उठलं कुणीच नाही. इथे असंच असतं.
मी समीकरण पुरं केलं, हात जरा कापला असावा,
मागच्या बाकावरून योसेलीन कायुपान
हात वर न करताच म्हणाली, "वजा."
वजा होतं खरंच.
किती दिवसांनी मला कुणी
इतकं सरळ, इतकं थोडक्यात खोडलं होतं.

आता ती वाटीशी बसते, मी शेजारी.
तिच्या नखांत माझ्यासारखीच टेकडी अडकलेली.
सतराव्या ठोक्याला दार वाजलं,
यंत्रकंपनीचा विक्रेता, सुटाबुटात.
आम्हा दोघींच्या डोक्यांवरून त्यानं पाहिलं
ओव्हनशी वाकलेल्या एलेओदोरोकडे,
हात पुढे केला, "डॉक्टर मार्दोनेस?"
एलेओदोरोनं हनुवटीनं माझ्याकडे खूण केली
आणि डबा तराजूवर ठेवला.
मी उठले नाही. मोजणी चालू होती.
योसेलीननं मान वर केली नाही.
"अठरा," ती म्हणाली.
"एकोणीस."